सावकाराची वही ते सिबिल स्कोअर: आपली पत कोण लिहितं?

विरार फास्टच्या दारात लटकून ऐकत असाल, तर आधी जरा आत सरका. आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून.

गेल्या वर्षी आम्ही नालासोपाऱ्यात स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. दर 11 महिन्यांनी नवा भाडेकरार, नवं डिपॉझिट आणि पुन्हा सामान टेम्पोत, याचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. बाबा रिटायर होणार, म्हणून होम लोन माझ्या नावावर काढायचं होतं. बँकेतल्या मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "स्कोअर 611 आहे. आत्ता नाही होणार." कारण काय, तर एका ॲपवर 'नंतर भरा' म्हणून घेतलेले 1,940 रुपये. मी नंबर बदलला, मेसेज आले नाहीत, आणि मी चक्क विसरलो.

बाबांना काही पटेना. "मी पतपेढीचा एक हप्ता चुकवला नाही. चार जणांना जामीन राहिलो. आणि आपल्या घराला पत नाही?"

बाबांच्या या प्रश्नाचं उत्तर शोधत मी थेट 1875 मध्ये पोचलो.

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. गंमत बघा, त्यांना मुख्यतः हवे होते कर्जाचे कागद. रोखे हाती लागले की ते जाळायचे. बघता बघता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. राग नुसत्या व्याजाचा नव्हता. वही सावकाराची, लिहिणारा सावकार, आणि खाली अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते वाचताच येत नव्हतं.

मग 1879 मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पैसे भरले की पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितलं तर पासबुक, हा कुणबी-शेतकऱ्याचा हक्क झाला. म्हणजे वही सावकाराचीच राहिली, पण आता ती बघायला मागता येऊ लागली.

पुढची पायरी 1904 ची, सहकारी पतसंस्थांच्या कायद्याची. कल्पना साधी होती: एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी पैसे एकत्र ठेवायचे आणि एकमेकांनाच कर्ज द्यायचं. आपल्या वसईत 1918 मध्ये पापडीला मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने जी संस्था उभी राहिली, तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. अशा संस्थांमध्ये पत म्हणजे ओळख आणि जामीनदाराची सही. बाबा वाढले ते याच जगात.

पण विरार-नालासोपाऱ्यात लाखो माणसं बाहेरून आली. शेजारच्या विंगमध्ये कोण राहतं, हे आपल्याला माहीत नसतं. बँकेला तरी कसं कळणार? 2000 मध्ये मुंबईत सिबिल स्थापन झाली आणि ओळखीची जागा हळूहळू नोंदीने घेतली. 2005 मध्ये त्यासाठी कायदा झाला. आज सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपली वही ठेवतात. स्कोअर 300 ते 900. छोट्या पतपेढीतलं कर्ज सहसा या वहीत येतच नाही. बाबांचा प्रामाणिकपणा खरा होता, पण तो दुसऱ्या वहीत लिहिलेला होता!

आणि 1879 चा तो हक्क? तो आपल्यालाही आहे. रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये सांगितलं, की प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा. चार कंपन्या म्हणजे चार रिपोर्ट. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. ती 30 दिवसांत सुटली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

मी काय केलं, ते सांगतो. आधी ते 1,940 रुपये दंडासकट पूर्ण भरले. समोरून "कमी द्या, सेटल करू" अशी ऑफर होती. मी नाही म्हटलं, कारण 'सेटल्ड' हा शेरा वहीत राहतो आणि पुढच्या बँकेला तो खटकतो. मग कार्ड निवडलं. साधं क्रेडिट कार्ड मला कोणी देत नव्हतं, आणि अर्ज करत सुटलो असतो तर प्रत्येक चौकशीचीही नोंद झाली असती. म्हणून एफडीवरचं कार्ड घेतलं. 20,000 ची एफडी, त्यावर 18,000 ची लिमिट. एफडीवर व्याज चालूच राहतं, आणि तारण असल्यामुळे बँक जुना स्कोअर फारसा बघत नाही. निवडताना मी तीनच गोष्टी बघितल्या: वार्षिक फी नको, एफडीचं व्याज नेहमीइतकंच हवं, आणि कार्ड बंद केल्यावर एफडी मोकळी कशी होते ते लेखी हवं. रिवॉर्ड पॉइंट्स, लाउंज वगैरे सोडून दिलं.

वापर किती? फक्त रेल्वे पास आणि लाइटबिल, लिमिटच्या 30 टक्क्यांच्या आत. बिल आलं की पूर्ण भरायचं. 'मिनिमम ड्यू' भरून थांबलात तर नोंद चांगली राहते, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढू शकतं. वर्षाचे 40 टक्क्यांहून जास्त! सुप्याच्या शेतकऱ्याला हे गणित लगेच कळलं असतं.

चौदा महिने झाले. स्कोअर आता 728 आहे. पुढच्या महिन्यात त्याच मॅडमकडे पुन्हा जाणार आहे, बाबांना घेऊन. परवा त्यांनी माझा रिपोर्ट मागितला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढला. मग म्हणाले, "माझाही काढून दे."

तुम्हीही आज घरी गेलात की तुमचा काढा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, भाईंदरची खाडी आली असेल, उतरायची तयारी करा.