पूर्वसूरी ठरण्याची किंमत : मॉरिस एंगेलचे छायाचित्रण आणि चित्रपट

चित्रपटाच्या इतिहासात मॉरिस एंगेल (१९१८–२००५) हे नाव बहुधा फ्रान्स्वा त्रुफोच्या दाखल्यासोबतच येते. एंगेलचा ‘लिटल फ्युजिटिव्ह’ (१९५३) नसता तर फ्रेंच ‘न्यू वेव्ह’ जन्मालाच आली नसती, अशा आशयाचे उद्गार त्रुफोने काढले होते. त्यामुळे एंगेलला इतिहासात जागा मिळाली खरी. पण ती पूर्वसूरीची. पूर्वसूरीची कृती पुढे जे घडले त्याच्या संदर्भात वाचली जाते. तिच्या मागे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. एंगेलच्या मागे दीड दशकाचे रस्त्यावरचे छायाचित्रण होते, आणि ‘लिटल फ्युजिटिव्ह’चे निवेदनतंत्र तेथेच घडलेले आहे.

ब्रुकलिनमध्ये जन्मलेला एंगेल विशीच्या आतच न्यूयॉर्कच्या ‘फोटो लीग’मध्ये दाखल झाला. शहरातील सामान्यांचे जगणे टिपणे हे या संस्थेचे ब्रीद. १९४७ मध्ये अमेरिकन सरकारने तिचे नाव ‘विध्वंसक’ संघटनांच्या यादीत घातले आणि १९५१ मध्ये ती मोडली. एंगेलच्या छायाचित्रांच्या उपेक्षेचे एक मूळ येथेही असावे. कोनी आयलंडच्या किनाऱ्यावरील आलिंगन (१९३८) किंवा चौदाव्या रस्त्यावरील बूटपॉलिशवाला मुलगा आणि पोलीस (१९४७) या छायाचित्रांत करुणेचे आवाहन नाही. माणसे आपापल्यात गुंतलेली आहेत. पाहणाऱ्याची त्यांना गरज नाही.

हीच वृत्ती एंगेलने चित्रपटात नेली, आणि त्यासाठी त्याला यंत्रच बदलावे लागले. चार्ल्स वुडरफच्या साहाय्याने त्याने ३५ मिलिमीटरचा, अंगावर बांधून वापरता येईल असा छोटा कॅमेरा सिद्ध केला. तिवई नाही, आणि गर्दीला चित्रीकरणाचा सुगावाही नाही. संवाद मागाहून जोडले गेले; त्यामुळे दृश्य बोलण्याच्या ओझ्यातून सुटले.

कथानक म्हणावे तर जुजबी आहे. थोरला भाऊ आपल्या हातून मेला, अशी थट्टेने समजूत करून दिलेला सात वर्षांचा जोई कोनी आयलंडला पळून जातो. तेथे पोहोचताच कथानक जवळजवळ थांबते. जोई रिकाम्या बाटल्या गोळा करतो, त्यांच्या पैशांतून तट्टावर बसतो, पुन्हा बाटल्या शोधतो. कार्यकारणाच्या साखळीची जागा पुनरावृत्ती घेते. अपराधाची भावना मुलाच्या मनातून केव्हा ओसरते, हे कोणतेच दृश्य सांगत नाही. ती ओसरली आहे एवढेच लक्षात येते. मोठ्यांचे पाय आणि फलाटाच्या फळ्यांमधून येणारे उन्हाचे पट्टे येथे पार्श्वभूमी म्हणून येत नाहीत, निवेदनाचा भार तेच वाहतात. या निवेदनाला ‘विस्कळीत’ म्हणणे म्हणजे कादंबरीचे माप छायाचित्राला लावणे होय.

व्हेनिसमध्ये त्या वर्षी सुवर्णसिंह कोणालाच दिला गेला नाही. रौप्यसिंहाच्या मानकऱ्यांत मिझोगुची आणि फेलिनी यांच्यासोबत हा चित्रपट होता. दिग्दर्शक म्हणून त्यावर तीन नावे आहेत : एंगेल, रे अॅशली आणि रूथ ऑर्किन. ऑर्किन ही स्वतः मातब्बर छायाचित्रकार, एंगेलची पत्नी, आणि या चित्रपटाच्या संकलनातही तिचा मोठा वाटा. सुटी क्षणचित्रे एका मुलाच्या दिवसात कशी गुंफायची, हा निर्णय बऱ्याच अंशी संकलनाच्या टेबलावर झालेला आहे. चित्रपट हा एका कर्त्याचा आविष्कार मानणाऱ्या भूमिकेला त्रुफोने १९५४ च्या आपल्या गाजलेल्या लेखातून चालना दिली. त्या भूमिकेच्या चौकटीत तीन स्वाक्षऱ्यांची ही कृती बसत नाही. त्रुफोने मात्र ऋण मान्य केले ते याच कृतीचे.