सी आज्ञावलीच्या संकलनातील आदेशओळीच्या चुका

सी भाषेतील आज्ञावली कंपायलरकडे सोपवताना आदेश लिहिण्यात होणाऱ्या चुकांना आदेशओळीच्या (कमांड लाइनच्या) चुका म्हणतात. आज्ञावली स्वतः निर्दोष असली तरी या चुकांमुळे ती चालत नाही; क्वचित मूळ फाइलही नष्ट होते.

पार्श्वभूमी

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केली. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा मुक्त कंपायलर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी भाषेचे धडे मराठीतही असून त्यांत उबुंटू लिनक्सवर जीसीसी वापरला आहे. हे धडे उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय पाहता येतात. त्यामुळे शहापूर, मुरबाड यांसारख्या ग्रामीण तालुक्यांतही ते उपयोगी पडू शकतात.

आदेशाची रचना

'जीसीसी बेरीज.सी -ओ बेरीज' या आदेशात प्रथम कंपायलर, नंतर मूळ फाइल आणि '-ओ' नंतर तयार होणाऱ्या फाइलचे नाव येते. प्रत्यक्षात हा आदेश रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करतात. '-ओ' न दिल्यास लिनक्सवर 'ए.आउट' ही फाइल तयार होते.

सामान्य चुका व उपाय

* आदेश सापडत नाही: कंपायलर स्थापित नसतो किंवा त्याचे नाव चुकलेले असते. उबुंटूवर 'बिल्ड-इसेन्शियल' हा संच स्थापित करावा.
* फाइल सापडत नाही: 'एलएस' आदेशाने चालू फोल्डरमधील फाइली पाहाव्यात आणि गरजेनुसार 'सीडी' आदेशाने योग्य फोल्डरमध्ये जावे. लिनक्समध्ये लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. विंडोजवरील नोटपॅडमध्ये नावाला '.टीएक्सटी' जोडले गेले आहे का, हेही तपासावे.
* '-ओ' नंतर मूळ फाइलचे नाव: एकच फाइल दिली असल्यास कंपायलर 'इनपुट फाइल नाही' असे कळवतो. मात्र 'जीसीसी -ओ पहिली.सी दुसरी.सी' असा आदेश यशस्वी झाल्यास पहिल्या फाइलमधील मजकूर पुसला जाऊन तिच्या जागी यंत्रभाषेतील फाइल येते. म्हणून मूळ फाइलची प्रत ठेवावी.
* गणिती फलनाचा संदर्भ सापडत नाही: वर्गमूळासारख्या फलनांसाठी आदेशाच्या शेवटी '-एलएम' लिहावे. लिंकर फाइली डावीकडून उजवीकडे वाचतो. त्यामुळे हा पर्याय मूळ फाइलच्या आधी लिहिल्यास तो निरुपयोगी ठरू शकतो.
* 'मेन' सापडत नाही: फलनाचे नाव चुकलेले असते किंवा ते असलेली फाइल आदेशात राहून गेलेली असते.
* तयार फाइल चालत नाही: लिनक्स साधारणतः चालू फोल्डरमध्ये आदेश शोधत नाही. म्हणून नावाआधी टिंब व तिरपी रेघ द्यावी. फाइलचे नाव 'टेस्ट' असल्यास ही काळजी विशेष घ्यावी, कारण त्याच नावाचा अंगभूत आदेश चालून पडद्यावर काहीच दिसत नाही.

निदानाची पद्धत

अनेक संदेश आल्यास पहिला संदेश आधी वाचावा. पुढील संदेश बहुधा त्याचेच परिणाम असतात. त्यात फाइलचे नाव व ओळक्रमांक असल्यास दोष सहसा आज्ञावलीत असतो, तर संदेश लिंकरचा असल्यास आदेशातील फाइली आणि ग्रंथालये तपासावीत. '-वॉल' हा पर्याय दिल्यास संभाव्य दोषांच्या अधिक सूचना मिळतात.