लाईट गेली तरी बेल वाजायची

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, काहीतरी जुनं लिहा" असा आपल्या सेक्रेटरींचा आग्रह. काय लिहावं याचा विचार करत जिना उतरत होतो, तर मीटर रूमबाहेरच्या टेलिफोनच्या गंजक्या पेटीकडे लक्ष गेलं. रंगकामाच्या वेळी ती काढून टाकणार आहेत म्हणे. विषय तिथेच मिळाला.

जुन्या सभासदांना २६ जुलै २००५ आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. आपल्याकडे लाईट गेली, मोबाईल लागेनात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे यजमान ऑफिसातून परतले नव्हते. त्यांच्या घरचा कॉर्डलेस फोन लाईटवर चालणारा, त्यामुळे तो मुका. रात्री अकराच्या सुमाराला आमच्या हॉलमधलं जुनं काळं डबडं काळोखात खणखणलं. यजमान एका पीसीओवरून बोलत होते. "घरचा फोन कुणी उचलत नाही. सुखरूप आहे, एवढं सांगा." मेणबत्ती घेऊन खाली गेलो. निरोप ऐकला आणि वहिनी उंबऱ्यातच मटकन बसल्या.

सगळीकडे अंधार असताना तो फोन वाजला कसा?

ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट १८७६ मध्ये मिळालं. गंमत म्हणजे बेलसाहेबांच्या फोनला बेलच नव्हती! पलीकडच्याला बोलवायचं तर फोनमध्ये ओरडायचं, नाहीतर ठोकून आवाज करायचा. त्यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी १८७८ च्या सुमारास दोन वाट्यांची घंटी तयार केली. मधे एक छोटा दांडा. वीज एका दिशेने गेली की तो या वाटीवर आपटतो, उलट दिशेने गेली की त्या वाटीवर. पुढे शंभर वर्षं जगभर हीच घंटी वाजली. आपल्याकडे कोलकाता, मुंबई आणि मद्रासला १८८२ मध्ये एक्स्चेंज सुरू झाली.

१९७४ साली मी तालुक्याच्या शाखेत रुजू झालो, तेव्हा तिथे हँडलचा फोन होता. हँडल फिरवलं की आतल्या चुंबकाच्या यंत्रात वीज तयार व्हायची आणि एक्स्चेंजच्या बोर्डावर आपल्या नंबरची झडप पडायची. मग ऑपरेटर विचारायचा, "बोला, कुठला नंबर?" म्हणजे घंटीची वीज आपणच हाताने तयार करायची.

ऑटोमॅटिक एक्स्चेंज आली आणि ते काम एक्स्चेंजकडे गेलं. तिथे बॅटऱ्यांची मोठी खोली असते आणि तारेवर कायम सुमारे ५० व्होल्टची एकाच दिशेने वाहणारी वीज तयार असते. फोन खाली ठेवलेला असताना ती आत शिरत नाही. घंटीच्या वाटेवर बसवलेला कंडेन्सर तिला अडवतो. कुणी आपला नंबर लावला की एक्स्चेंज त्याच तारेवर सुमारे ७५ व्होल्टची, सेकंदाला २५ वेळा पुढेमागे होणारी वीज सोडतं. तिला कंडेन्सर अडवत नाही, म्हणून दांडा नाचतो. ०.४ सेकंद वाजायचं, ०.२ थांबायचं, पुन्हा ०.४ वाजायचं आणि मग दोन सेकंद शांत. झालं आपलं ट्रिंग-ट्रिंग! रिसीव्हर उचलला की बॅटरीच्या विजेला वाट मोकळी होते. ती वाहू लागल्याचं एक्स्चेंजला कळतं आणि घंटी तत्काळ बंद होते. जोडकाम करताना नेमका फोन आला तर लाइनमनला सणसणीत झटका बसायचा.

आणखी एक. फोन करणाऱ्याला कानात ऐकू येणारी रिंग ही आपल्या घरातली घंटी नव्हे. तो आवाज एक्स्चेंज त्याला वेगळा ऐकवतं. घरातला फोन मुका असला तरी तिकडे रिंग वाजतच राहते. "बेल जात होती, तुम्ही मुद्दामच उचलला नाहीत" यावरून किती रुसवेफुगवे झाले असतील! त्या रात्री यजमानांनाही घरची रिंग ऐकू येत होती. वहिनी फोनशेजारीच बसल्या होत्या.

तर आमचा फोन वाजला तो एक्स्चेंजच्या विजेवर. बोलण्यासाठी लागणारी वीजसुद्धा त्याच दोन तांब्याच्या तारांतून यायची. घरच्या मीटरशी तिचा काही संबंध नव्हता.

आता फायबर आलं. काचेच्या तंतूतून उजेड जातो, घंटीची वीज जात नाही. घरचा राउटर बंद पडला की त्यावरचा फोनही बंद. पेटी खुशाल काढा, माझी हरकत नाही. पण आपल्याकडे एकटे राहणारे ज्येष्ठ सभासद बरेच आहेत. त्यांच्या राउटरला छोटा बॅटरी बॅकअप बसवून घ्यावा, एवढी कमिटीला विनंती. अंधारात एक फोन लागणं काय असतं, ते दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा.