स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतरचे पहिले महिने

स्थूलता कमी करण्यासाठी जठरावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेला वैद्यकात बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. ती करून घेतलेली व्यक्ती घरी परतली, की भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : किती किलो उतरले? प्रश्न स्वाभाविक आहे. पण पहिल्या काही महिन्यांत प्रकृती सुधारते आहे की बिघडते आहे, हे सांगण्याच्या कामी वजनकाटा फारसा भरवशाचा नसतो. वजन झपाट्याने उतरत असताना रुग्णाची प्रकृती ढासळत असू शकते. आणि काटा जागचा हलत नसतानाही शरीरात हवा तो बदल घडत असतो.

आदिलाबाद जिल्ह्यातील रुग्णाला हा भेद समजणे विशेष गरजेचे आहे. या शस्त्रक्रियेसाठी येथील माणूस सहसा राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या नागपूरला किंवा दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादला जातो. शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे होत असल्याने काही दिवसांतच घरी सोडतात. पुढचे सगळे महिने मात्र बेला, जैनद किंवा पैनगंगेकाठच्या एखाद्या गावात, ज्यांनी ही शस्त्रक्रिया कधी पाहिलेली नाही अशा माणसांच्या सोबतीने काढायचे असतात.

या सीमाभागातील अनेकांच्या कानांवर हे नाव पहिल्यांदा पडले ते बहुधा सप्टेंबर २०११ मध्ये. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष आणि नागपूरचे नेते नितीन गडकरी यांच्यावर तेव्हा मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली. सार्वजनिक जीवनातील माणसाने ही गोष्ट लपवून न ठेवल्यामुळे ‘जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतले’ ही कुजबुज काहीशी कमी झाली. पूर्णपणे ती अजूनही थांबलेली नाही.

शस्त्रक्रिया नेमकी कशाची

आज प्रामुख्याने दोन पद्धती चालतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कापून काढतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी होते. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. या दुसऱ्या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील आयोवा येथील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात केलेल्या कामात आहे.

भारतीयांसाठी शस्त्रक्रियेची वजनमर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली ठेवतात. कारण शरीराची ठेवणच निराळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापून ती दाखवली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, सारखाच २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! अंगाने बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह लवकर का गाठतो, याचे इतके सोपे स्पष्टीकरण दुसरे सापडणे कठीण.

काटा काय सांगत नाही

पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरते. यातले बरेचसे पाणी असते. यकृत आणि स्नायूंत साठवलेली ग्लायकोजेन ही साखर उपासमारीत आधी खर्ची पडते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास हा साठा पुन्हा थोडा भरू लागतो आणि काटा थबकतो. चरबी जळणे तेव्हाही चालूच असते. पण शस्त्रक्रिया फसली असे वाटून रुग्ण खाणे आणखी तोडतो, आणि चूक होते ती इथे. शरीराला प्रथिने मिळाली नाहीत तर ते स्नायू जाळते. काट्यावर ही घटसुद्धा ‘प्रगती’ म्हणूनच दिसते.

आरंभीच्या आकड्यांना किती महत्त्व द्यावे, याचा धडा मुंबईनेच एकदा साऱ्या देशाला दिला. इजिप्तच्या इमान अहमद यांना ११ फेब्रुवारी २०१७ रोजी उपचारासाठी तेथे आणले तेव्हा त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगण्यात आले. द्रव आहार आणि शरीरात साठलेले पाणी उतरवणे एवढ्यावरच शंभराहून अधिक किलो घटल्यानंतर ७ मार्चला स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. पुढचे काही आठवडे उतरलेल्या किलोंचे मथळे झळकत राहिले. एप्रिलच्या अखेरीस बहिणीने त्या आकड्यांवरच आक्षेप घेतला, रुग्णालयाने तो फेटाळला, आणि मे महिन्यात रुग्ण अबुधाबीला हलवण्यात आला. २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय ३७ वर्षे. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या शरीराचे हृदय आणि मूत्रपिंड कोणत्या स्थितीत आहेत, हे किलोंच्या त्या चर्चेत जवळजवळ कुणी विचारले नव्हते. प्रकरण टोकाचे होते, सर्वसाधारण रुग्णाला ते लागू नाही. मथळ्यांची सवय मात्र घराघरांत तीच आहे.

मग पाहायचे काय? पहिले म्हणजे रक्तातील साखर. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाचे डॉ. वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे आढळले की, बायपासनंतर मधुमेह पुष्कळदा वजन उतरण्याची वाट न पाहता काही दिवसांतच आटोक्यात येतो. अन्न आतड्यात लवकर पोहोचल्याने तेथील संप्रेरके बदलतात, हे त्यामागचे एक कारण. ही आनंदाची बाब धोक्याचीही आहे. जुन्याच मात्रेत इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू राहिल्या तर साखर एकदम खाली जाऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. त्यातल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर कमी पाणी पिणाऱ्या रुग्णाला कोरडे पाडतात. म्हणून घरच्या घरी साखर आणि रक्तदाब मोजून वहीत लिहावा आणि डॉक्टरांना विचारून मात्रा बदलावी. कमी झालेली एक गोळी ही उतरलेल्या पाच किलोंहून मोठी प्रगती आहे. रात्रीचे घोरणे व श्वास अडकणे कमी होणे, जिना चढताना धाप न लागणे, गुडघेदुखी कमी होणे, पाळी नियमित होणे, या खुणाही तशाच.

गावातली सलाईन

या काळातला एक धोका आपल्या भागात वेगळा सांगायला हवा. नव्या जठराला न मानवणारे खाल्ले, भराभर खाल्ले, किंवा जोडणीची जागा सुजून अरुंद झाली, की उलट्या होतात. एखाददुसरी उलटी चिंतेची नाही. पण त्या दिवसेंदिवस चालल्या तर शरीरातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपते. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. पुढे चालताना तोल जाणे, दोन-दोन दिसणे, डोळ्यांची विचित्र हालचाल, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावात ‘अशक्तपणा आलाय’ म्हटले, की आरएमपी डॉक्टर ग्लुकोजची सलाईन लावतात. थायमिन संपलेल्या शरीरात नुसते ग्लुकोज गेले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि ही इजा अधिक वाढते. थायमिनचे इंजेक्शन स्वस्त आहे, जवळपास सगळीकडे मिळते. ते ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याबरोबर दिले गेले पाहिजे. आजूबाजूला कुणी सांगणारे नसेल तर हे रुग्णाच्या घरच्यांनीच सांगायला हवे.

अंगदुखीच्या गोळ्यांबाबतही असेच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गटातील औषधांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडणीच्या जागी व्रण होतो. तंबाखू आणि बिडीनेही होतो. खर्रा खाणाऱ्याने तो शस्त्रक्रियेआधीच सोडलेला बरा. मोहाची असो वा दुकानातली, दारू बायपासनंतर रक्तात फार लवकर चढते.

पहिल्या काही आठवड्यांत नाडी सतत मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती वेदना, धाप लागणे, ही टाके सुटून जठर गळत असल्याची चिन्हे असू शकतात. एका पायाला सूज येऊन अचानक श्वास लागला तर रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी नागपूर की हैदराबाद हा वाद घालत बसू नये. आधी आदिलाबादचे रिम्स गाठावे आणि वाटेतच मूळ शल्यविशारदाला फोन करावा.

ताटात काय

पहिले काही दिवस पाण्यासारखे पातळ, मग दाट पातळ, मग कुस्करलेले, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम बहुतेक ठिकाणी सांगतात. अंतर रुग्णालयागणिक थोडे बदलते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने मिळणे हे खरे आव्हान. आपल्या स्वयंपाकात भाकरी मोठी आणि वरण वाटीभर. इथे क्रम उलटा करावा लागतो. आधी अंडे, दही, पनीर, मुगाचे घट्ट वरण किंवा पिठले, आणि जागा उरली तरच दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाच्या अंतराने घोट घोट. बायपासनंतर गोड खाल्ले की घाम, धडधड आणि जुलाब होतात. सणावारी बासुंदीच्या वाटीला हात लावण्यापूर्वी हे आठवावे. चतुर्थी-एकादशीच्या उपासाला साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळपणा, प्रथिने जवळजवळ शून्य. पहिल्या वर्षी उपास सोडणेच शहाणपणाचे.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बायका यानेच सर्वाधिक घाबरतात; वजन वेगाने उतरल्याचा हा परिणाम असून आहार नीट असेल तर केस परत येतात. लोह, ब-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मात्र जन्मभर घ्यायचे असते, बरे वाटते म्हणून थांबवायचे नाही. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी काही डॉक्टर सहा महिने गोळी देतात. गर्भधारणा बारा ते अठरा महिने टाळावी. पाळी नियमित होऊ लागल्याने दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, हे सासूबाईंसमोर बोलायला संकोच वाटतो म्हणून राहून जाते.

दीर्घकाळाचा हिशेब स्वीडनमधील १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात मिळतो. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडे वजन परत येते, ते अपयश नव्हे. त्याच अभ्यासात, वय आणि इतर धोके जमेस धरून, शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले.

तपासण्या साधारणपणे तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर दरवर्षी करतात. रक्त आदिलाबादला देऊन अहवाल फोनवरून मूळ डॉक्टरांना पाठवता येतो. प्रत्येक वेळी कृष्णा एक्सप्रेस पकडण्याची गरज नाही. एक कागद मात्र नेहमी खिशात असावा : शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, शल्यविशारदाचा क्रमांक, चालू औषधे, ‘वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत’ आणि ‘ग्लुकोजआधी थायमिन द्यावे’ या दोन सूचना. तो तेलुगूतही लिहून घ्यावा, कारण मध्यरात्री दवाखान्यात जो भेटेल त्याला मराठी येईलच असे नाही.