हरीण, काडतूस आणि हरभरा

जानेवारीतल्या रात्री लातूर-नांदेडकडच्या रानात हरभऱ्याच्या राखणीला बसलेल्या माणसाने मान वर केली, तर त्याला आकाशात एक शिकार दिसते. चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे मृगाचे पाय. मधोमध ओळीत असलेले तीन तारे म्हणजे त्याच्या अंगात घुसलेला बाण. त्या बाणाची रेषा खाली वाढवत नेली, की लखलखीत व्याध. बाण कधी सुटला ते कुणालाच माहीत नाही, पण हरीण अजून पडलेलं नाही.

संस्कृतात ‘मृग’ म्हणजे आधी कुठलंही रानातलं जनावर. पुढे तो शब्द हरणावर स्थिरावला. शिकारीला नाव मिळालं ‘मृगया’. जूनमध्ये सूर्य याच नक्षत्रात आला की आपण ‘मृग लागला’ म्हणतो आणि पेरणीची तयारी सुरू करतो. म्हणजे शिकार आणि शेती एकाच नक्षत्राला बांधलेल्या. खाली जमिनीवर मात्र त्या दोघींचं फारसं जमलेलं नाही.

राखणीवरच्या त्या माणसाकडे बॅटरी असते, पत्र्याचा डबा असतो, कदाचित गोफण असते. बंदूक नसते. एके काळी याच माळावर हरणासाठी कुठली बंदूक घ्यावी, किती जाडीची गोळी वापरावी, यावर साहेब लोक तासन्‌तास वाद घालत. त्या वादाचा इतिहास फक्त हरणाचा नाही. बंदूक कुणाच्या हातात असावी आणि कुणाच्या असू नये, याचाही तो आहे.

नांदेडच्या दोन गोष्टी

नांदेडला गोदावरीच्या पलीकडे शिकारघाट नावाचा गुरुद्वारा आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले, तेव्हा ते इथे शिकारीला येत असं शीख परंपरा सांगते. इथे त्यांनी एक ससा मारला आणि त्या सशाच्या रूपात अडकलेल्या एका जिवाला मुक्ती मिळाली, अशी या जागेची कथा. शिकारीच्या नावाने ओळखलं जाणारं धर्मस्थळ तसं दुर्मीळच.

दुसरी गोष्ट हरणाची आहे. जम्मूकडच्या राजौरीचा लक्ष्मणदेव नावाचा मुलगा शिकारीचा शौकीन होता. परंपरेनुसार पंधराएक वर्षांचा असताना त्याने एक हरणी मारली. ती गाभण निघाली. तिच्या पोटातली पिल्लं त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. त्याने धनुष्यबाण टाकला, बैरागी झाला, माधोदास असं नाव घेतलं आणि भटकत भटकत गोदाकाठी नांदेडला येऊन मठ बांधला. १७०८ मध्ये याच मठात त्याची आणि गुरू गोविंदसिंगांची भेट झाली आणि माधोदासाचा बंदासिंग झाला. एका हरणीपायी शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाने नांदेडला ते पुन्हा उचललं. तो पंजाबात गेला, १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकलं आणि १७१६ मध्ये दिल्लीत त्याला हाल करून मारण्यात आलं.

महाभारतातला पंडूही हरणांच्या जोडीवर बाण सोडतो आणि शाप ओढवून घेतो. आपल्याकडच्या गोष्टींत हरीण मारणारा माणूस सहसा सुखाने घरी जात नाही. बंदुका सुधारत गेल्या, तरी ही अढी मनातून गेली नाही.

बारा बोअर म्हणजे बारा काय?

त्या काळातली बंदूक तोड्याची होती. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, कानाशी रंजक भरायची आणि जळता तोडा टेकवून बार काढायचा. तोड्याचा वास आणि धूर हरणाला लांबूनच सावध करणार. शिवाय नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे गोल गोळी जरा लांब गेली की भरकटायची. पुढे टोपीची ठासणीची बंदूक आली आणि तोडा गेला, पण भरण्याची कटकट तीच राहिली.

रायफलीने हे बदललं. नळीच्या आत पिळदार खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती गरगरत सरळ जाते. खेळातला भोवरा फिरताना उभा राहतो, तसंच काहीसं.

आता मापाचं. ‘बारा बोअर’ हा शब्द आपण सिनेमात ऐकलेला असतो. एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शिसं घ्यायचं आणि त्याच्या बारा सारख्या गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची, नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटरची. त्यामुळे आकडा जितका लहान, तितकी बंदूक मोठी. रायफलीचं गणित उलटं. तिथे नळीची रुंदी इंचात मोजतात. थ्री-नॉट-थ्री म्हणजे .३०३ इंच, साधारण ७.७ मिलिमीटर. यालाच कॅलिबर म्हणायचं.

छावणीतले साहेब आणि बैलगाडी

एकोणिसाव्या शतकात आजचा नांदेड आणि लातूर जिल्हा निजामाच्या राज्यात होता. लातूर हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला होत्या. एक नांदेडच्या शेजारी, दुसरी लातूरच्या. साहेबांना रिकामा वेळ भरपूर आणि छावणीबाहेर काळ्या मातीचा उघडा माळ. त्यावर काळविटांचे कळप.

इथे प्राण्यांचा थोडा हिशेब बघू. काळवीट नर जेमतेम ३५ ते ४० किलोचा. त्याची शिंगं पिळाची असतात आणि ती कधी गळत नाहीत, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने तो खरा हरीण नव्हेच, कुरंग. किनवट-माहूरच्या जंगलातला चितळ त्याच्या दुप्पट वजनाचा. सांबर तर २०० किलोच्या पुढे जातं. पण चितळ-सांबर झाडीत असतात, चाळीस-पन्नास पावलांवर अचानक समोर येतात. तिथे बारा बोअरचं काडतूस पुरायचं. काळवीट लहान असूनही अवघड, कारण तो उघड्यावर राहतो, त्याची नजर तीक्ष्ण आणि तो ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळतो. शंभर-दोनशे यार्डांच्या आत तो माणसाला येऊच देत नाही.

यावर साहेबांनी शोधलेला उपाय खास इथला होता. काळवीट माणसाला बुजतो, पण बैलगाडीला बुजत नाही, कारण ती तो रोज बघतो. म्हणून शिकारी गाडीत बसायचा किंवा गाडीच्या आडोशाने चालायचा. गाडीवान सरळ कळपाकडे न जाता लांबून गोल गोल फेरे मारायचा आणि दर फेऱ्याला थोडा जवळ सरकायचा. फोटोत साहेब, त्याची रायफल आणि मेलेलं काळवीट दिसतं. अंतर अर्धं करून देणारा गाडीवान बहुधा चौकटीबाहेर असतो.

अंतराचा उरलेला अर्धा प्रश्न रायफलीचा. १८५६ मध्ये लंडनच्या जेम्स पर्डी या बंदूककाराने जास्त दारू आणि हलकी गोळी वापरणाऱ्या रायफलीला आगगाडीवरून ‘एक्सप्रेस’ असं नाव दिलं. .४५० एक्सप्रेससारख्या रायफली हिंदुस्थानात लाडक्या झाल्या. गोळी वेगवान, त्यामुळे दीडशे यार्डांपर्यंत तिचा मार्ग जवळपास सपाट आणि नेम धरणं सोपं. अडचण एकच. काळ्या दारूचा एवढा धूर व्हायचा, की पहिल्या बारानंतर कळप कुठे गेला तेच कळत नसे.

शतकाच्या शेवटी बिनधुराची दारू आली आणि गोळ्या बारीक झाल्या. .४५० वरून .३०३ वर, पुढे .२७५ वर. जिम कॉर्बेटने १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो .२७५ रिग्बीनेच. काळविटासारख्या हलक्या जनावराला एवढं कॅलिबर भरपूर होतं.

पण सपाट माळावर वेगवान गोळीचा एक धोका असतो. चुकलेली गोळी थांबत नाही. थ्री-नॉट-थ्रीची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाऊ शकते. त्या अंतरात कुणी खुरपत असेल, कुणी गुरं राखत असेल. म्हणून जाणते शिकारी हरणाच्या मागे टेकाड किंवा बांध असल्याशिवाय चाप ओढू नये असं सांगत.

हरणाला चालते, माणसाला नाही

याच सुमाराला कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात एक गोळी तयार झाली. तिचं टोक उघडं आणि मऊ, त्यामुळे अंगात शिरल्यावर ती फुलायची. ‘डमडम’ या नावाने ती जगभर बदनाम झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा निघाला. शिकारीत मात्र मऊ टोकाचीच गोळी योग्य मानली गेली आणि आजही मानली जाते. पूर्ण धातूने मढवलेली गोळी हरणाच्या आरपार निघून जाते, हरीण जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात दोन दिवसांनी मरतं. फुलणारी गोळी त्याला जागेवर मारते. शत्रूसाठी जे क्रूर, ते हरणासाठी दयाळू ठरलं.

कॅलिबरची भीती

मग हरणासाठी .३०३ हा सोपा पर्याय नव्हता का? गोळी चांगली, काडतुसं मुबलक. अडचण हीच होती की ती लष्कराची काडतुसं होती.

१८५७ चा भडका उडाला तोच एनफिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसावरून. त्यानंतर इंग्रजांनी काडतूस ही वस्तू कधी हलक्यात घेतली नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा झालं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने लष्करी मापाच्या .३०३ आणि .४५० रायफलींवर निर्बंध आणले. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि शिकारीच्या नावाने आलेल्या गोळ्या तिकडे पोचतील ही भीती होती. लंडनच्या बंदूककारांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. वाघ-हत्तींच्या कातडीत काहीच बदल झाला नव्हता. बदलली होती ती सरकारची धास्ती. निजामाच्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. बाहेरून येणारी बंदूक इंग्रजांच्याच बंदरातून यायची, त्यामुळे तिथली अडवणूक इथेही भोवायची.

हिंदुस्थानी शिकाऱ्याच्या वाट्याला मग .३१५ आली. म्हणजे आठ मिलिमीटर, मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं काडतूस. स्वतंत्र भारतात बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने .३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनवली. तिची ठेवण जुन्या ली-एनफिल्डच्या वळणाची, फक्त तिच्यात लष्कराची गोळी बसत नाही. गोऱ्या सरकारची धास्ती आपल्या सरकारनेही जशीच्या तशी पुढे चालवली.

मराठवाड्याला त्या धास्तीचा एक वेगळा अनुभव आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या लोकांपैकी थोड्यांकडे आधुनिक शस्त्रं होती, बहुतेकांच्या हाती ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. एरवी जे हत्यार हरणाला धड पुरत नव्हतं, ते निःशस्त्र गावाला दहशत बसवायला पुरलं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आलं, तेव्हाच ती दहशत संपली.

ज्यांच्याकडे बंदूक नव्हती

या सगळ्या काळात हरणं पकडण्यात सर्वांत तरबेज असलेल्या लोकांना कॅलिबरशी काही देणंघेणं नव्हतं. फासेपारध्यांचं नावच फासावरून पडलं. चामड्याचे किंवा तातीचे फास माळावर ओळीने मांडायचे आणि शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने चालत कळप तिकडे वळवायचा. किंवा पाळलेला काळवीट सोडायचा. कळपातला नर त्याच्याशी झुंजायला येतो आणि फासात अडकतो. धूर नाही, आवाज नाही, सुटलेली गोळी नाही. साहेबांची बैलगाडीची युक्ती आणि पारध्यांचा बैल यांत तत्त्व एकच.

पण एक होता ‘स्पोर्ट’ आणि दुसरा संशयित. १८७१ पासून इंग्रजी मुलखात गुन्हेगार जमातींचा कायदा लागू झाला आणि पारध्यांसारख्या अनेक जमातींवर जन्मापासून शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का किती पुसला गेला, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही पारधी वस्तीवर जाऊन विचारावं.

परवाना आहे, परवानगी नाही

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या पंगतीत. १९९८ च्या जोधपूर प्रकरणात सलमान खानला वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्या याच काळविटापायी.

कायदा आला नसता तर काळवीट आज माळावर दिसला नसता, याबद्दल शंका नको. त्याच्यामागे धावणारा चित्ता याच देशात संपला. पण दरम्यान माळही संपत आला. गायरानं नांगराखाली गेली, सोयाबीन आलं, आणि गवत खाणाऱ्या कळपाला उरलं ते कोवळं पीक. एका रात्रीत हरणं हरभऱ्याचा पट्टाच्या पट्टा खुडून जातात. भरपाईची योजना आहे, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा आणि वाट बघणं आहे.

गंमत म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. कुठली बंदूक? ठासणीची. शेतकऱ्याला शोभेल असं कॅलिबर कायद्यानेच ठरवून टाकलंय, दोनशे वर्षं मागचं. तीही काळविटावर रोखता येत नाही. रोही आणि रानडुकरांसाठी तरी अटींवर परवानगीची वाट आहे, काळविटासाठी व्यवहारात ती जवळपास बंद आहे. आणि बहुतेक शेतकऱ्यांना ती उघडायचीही नाही. पिकाचं नुकसान सांगताना तळमळणारा माणूसही ‘मारा त्यांना’ असं सहसा म्हणत नाही. ‘घेऊन जा कुठंतरी’ म्हणतो.

म्हणून बांधावर जुन्या साड्या बांधल्या जातात, झटका मशीनच्या तारा ओढल्या जातात, मोबाईलवर कुत्र्यांचं भुंकणं लावून ठेवलं जातं. पहाटेच्या थंडीत डबा वाजतो, कळप माना वर करतो, दोन उड्यांत बांध ओलांडून शेजारच्याच्या रानात उतरतो. मग तिकडचा डबा वाजायला लागतो.