फाशीच्या दोराची नोट

‘चलन’ हा धडा आला की वर्गात जांभया सुरू होतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना हा माझा दरवर्षीचा अनुभव. बी.एड.ला शैक्षणिक साधनांविषयी पुष्कळ शिकले. पण या धड्याला खरी उपयोगी पडली ती दोनशे वर्षांपूर्वीची इंग्लंडमधली दोन व्यंगचित्रे.

पहिले चित्र जेम्स गिलरेचे, मे १७९७ चे. एक म्हातारी कुलूपबंद पेटीवर बसली आहे. तिचा झगा एक पौंडाच्या नोटांचा. किडकिडीत पंतप्रधान पिट तिच्याशी लगट करत तिच्या खिशातल्या सोन्याच्या नाण्यांना हात घालतो आहे आणि ती किंचाळते आहे. म्हातारी म्हणजे बँक ऑफ इंग्लंड. फ्रान्सशी युद्ध चालू होते, सोने देशाबाहेर जात होते, त्यात फ्रेंच सैनिक वेल्सच्या किनाऱ्यावर उतरले. लोक नोटा घेऊन सोने मागायला धावले. तेव्हा फेब्रुवारी १७९७ मध्ये सरकारने नोटांच्या बदल्यात सोने देणेच थांबवले आणि बँकेने एक व दोन पौंडांच्या छोट्या नोटा काढल्या.

मुले हसली. महंमद तुघलकाची तांब्या-पितळेची नाणी त्यांना ठाऊक होती, त्यामुळे मुद्दा पटकन कळला. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने उर्दूत विचारले, “टीचर, ह्या चित्रात गरीब कुठे आहेत?”

प्रश्न बिनतोड होता. गिलरेच्या चित्रात पंतप्रधान आहे, बँक आहे. नोट ज्याच्या हाती पडली तो माणूस नाही. शिवाय गिलरेला पुढे सरकारपक्षाकडूनच मानधन मिळू लागले. व्यंगचित्र हा पुरावा खरा, पण साक्षीदार कोणाच्या बाजूचा हेही तपासावे लागते.

त्या मुलीचे उत्तर दुसऱ्या चित्रात आहे. छोट्या नोटा साध्या छपाईच्या, नक्कल करायला सोप्या. आधी फक्त बड्या लोकांच्या हाती असलेली नोट आता मजुराच्या, मोलकरणीच्या हाती आली. त्यांतल्या अनेकांना वाचताही येत नव्हते. पण खोटी नोट जाणूनबुजून चालवल्याचे सिद्ध झाले तर शिक्षा फाशीची. नुसती जवळ बाळगली तरी चौदा वर्षे काळ्या पाण्यासारखी हद्दपारी. सोन्याची देवाणघेवाण बंद असलेल्या त्या काळात तीनशेच्या वर माणसे फासावर गेली.

न्यूगेट तुरुंगाबाहेर लटकवलेल्या स्त्रिया पाहून जॉर्ज क्रुकशँकने १८१९ साली नोटेसारखेच एक चित्र काढले. त्यावर रांगेने लटकणारी माणसे, पौंडाचे चिन्ह फासाच्या दोराचे, सही जल्लादाची, आणि आपलीच लेकरे खाणारी ब्रिटानिया. प्रकाशक विल्यम होनच्या दुकानापुढे गर्दी उसळली. आपल्या चित्रामुळेच फाशी थांबली, असे क्रुकशँक म्हातारपणी सांगे. ते पूर्ण खरे नाही. १८२१ मध्ये सोने देणे पुन्हा सुरू झाले, छोट्या नोटा मागे घेतल्या गेल्या, आणि नकली नोटांसाठीची फाशी १८३० च्या दशकात कायद्याने गेली. पण धोरणाची किंमत कोण मोजतो, हे त्या चित्राने भर रस्त्यात दाखवले, एवढे निश्चित.

तेव्हापासून मी वर्गात प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारायला लावते: मोठा कोण दाखवला आहे? लहान कोण? आणि नाहीच कोण?

गेल्या वर्षी मुलांना सांगितले, २०१६ च्या नोटाबंदीविषयी घरच्यांना विचारा आणि चित्र काढा. अब्बांच्या बंद पडलेल्या कामाचे चित्र आले, डाळीच्या डब्यात जपलेल्या अम्मीच्या पाचशेच्या नोटा आल्या. त्याच मुलीने बँकेचे दार अगदी लहान काढले होते. रांग मात्र कागदाच्या कडेपर्यंत गेली होती आणि रांगेतल्या प्रत्येक बाईला तिने चेहरा दिला होता.

अर्थशास्त्राची व्याख्या ही मुले कदाचित विसरतील. पण उद्या कोणतेही धोरण जाहीर झाले, की त्यात कोण दिसत नाही ते शोधतील. माझ्या मते तालीम हीच.