शीट जड झाली की मशीन बदलायचं का?

फेलोशिपची थकबाकी एकदाची खात्यात जमा झाली की लॅबमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: “एक्सेल शीट फार अडकते, कोणता लॅपटॉप घेऊ?” प्रश्न रास्त आहे. साठ-सत्तर हजार रुपये म्हणजे आपल्यासारख्यांचं दोन महिन्यांचं जगणं. पण उत्तराआधी मी तुम्हाला जरा मागे नेणार आहे, १९७९ पर्यंत. स्प्रेडशीटसाठी लोकांनी नवनवी मशीनं घेतली हे खरंच, पण शीटच्या वेगातल्या मोठ्या उड्या बहुतेक वेळा मशीनमुळे आलेल्या नाहीत.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क ‘ॲपल टू’वर आलं. ६३ कॉलम, २५४ ओळी, बस्स. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आकडे आपोआप बदलणार, ही त्यातली जादू. लोक दुकानात जाऊन आधी व्हिजिकॅल्क मागायचे आणि ते चालवायला म्हणून कॉम्प्युटर घ्यायचे. म्हणजे शीटसाठी मशीन घेण्याची परंपरा अगदी पहिल्या दिवसापासूनची!

पण ही जादू चालायची कशी? प्रोग्रॅम सगळी शीट एका ठरलेल्या क्रमाने मोजायचा: ओळीनंतर ओळ, नाहीतर कॉलमनंतर कॉलम. आता समजा, सगळ्यात वरच्या सेलमध्ये एकूण खर्च आहे आणि तो विसाव्या ओळीतल्या बेरजेवरून येतो. वरून खाली मोजताना प्रोग्रॅम एकूण खर्च आधी काढणार, तोही जुन्या बेरजेवरून. मग विसाव्या ओळीत पोचल्यावर बेरीज नवी होणार, आणि वरचा आकडा शिळाच राहणार. यावर उपाय म्हणजे उद्गारचिन्हाची कळ दाबून पुन्हा मोजायला लावणं. गुंतागुंतीच्या शीटला ती दोन-तीनदा दाबावी लागायची. यातली मेख लक्षात घ्या. ॲपल टू दुप्पट वेगाचा असता, तरी चुकीचं उत्तर फक्त दुप्पट वेगाने मिळालं असतं.

या अडचणीवरचं उत्तर दहा वर्षं आधीच सापडलं होतं, हे मला फार आवडतं. १९६९ मध्ये रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी मोठ्या कॉम्प्युटरांवर बजेट करण्यासाठी लॅनपार नावाची प्रणाली लिहिली. तिच्यात सेल कुठे आहे याला महत्त्व नव्हतं, तो कोणावर अवलंबून आहे याला होतं. ज्याची गरज आधी, तो आधी मोजायचा. आपण भाजी फोडणीला टाकण्याआधी चिरतो, इतकं ते साधं आहे. त्यांनी १९७० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते मिळालं १९८३ मध्ये!

त्याच १९८३ च्या जानेवारीत लोटस १-२-३ बाजारात आलं. त्यात हा ‘नैसर्गिक क्रम’ होता. शिवाय जोनाथन सॅक्सने ते थेट असेंब्ली भाषेत लिहिलं होतं, त्यामुळे ४.७७ मेगाहर्ट्झच्या आयबीएम पीसीवरही ते सुसाट चालायचं. मग शीट फुगत गेल्या आणि ६४० केबी मेमरीच्या भिंतीला धडकल्या, कारण अख्खी शीट मेमरीतच मावायला हवी. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून जादा मेमरीच्या कार्डाचं एक मानकच ठरवलं. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या लोटस आणि मायक्रोसॉफ्टला एकत्र आणलं ते जागेच्या टंचाईने. इथे मात्र मशीनचा खरोखर उपयोग झाला, हे मान्य करायला हवं.

त्याच वर्षी मॅकिंटॉशवर एक्सेल आलं. डग क्लंडर हा त्याचा मुख्य प्रोग्रॅमर. एक्सेलने विचारलं, मुळात सगळं मोजायचंच कशाला? जो सेल बदलला तो, आणि त्याच्यावर अवलंबून असलेले, एवढेच मोजू. बाकीच्यांना हात लावायचा नाही. माझ्या मते स्प्रेडशीटच्या इतिहासातली सगळ्यात मोठी वेगवाढ हीच, आणि तिच्यासाठी कोणाला नवीन चिप विकत घ्यावी लागली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. २००७ च्या एक्सेलमध्ये ६५,५३६ ओळींची मर्यादा १०,४८,५७६ वर गेली आणि गणित अनेक कोअरवर वाटलं जाऊ लागलं. २०१० पासून ६४-बिट आवृत्ती आली, त्यामुळे मेमरीची जुनी २ जीबीची अडचण संपली. (मर्यादा वाढली तरी जुना फाइल प्रकार कुठेतरी शिल्लक राहतोच. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेत मोजले गेले नाहीत, ते जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओळी न मावल्यामुळे. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. याला कुठला प्रोसेसर काय करणार?)

आता तुमच्या शीटकडे येऊ. एक लाख ओळी आहेत आणि शेजारच्या कॉलममध्ये चालू बेरीज हवी आहे. बहुतेक जण प्रत्येक ओळीत ‘पहिल्या ओळीपासून इथपर्यंतची बेरीज’ असा फॉर्म्युला ओढतात. पहिल्या ओळीत एक आकडा, शेवटच्या ओळीत एक लाख. सगळं मिळून सुमारे ५०० कोटी बेरजा. त्याऐवजी ‘वरची बेरीज अधिक हा आकडा’ असं लिहिलं तर एक लाख बेरजा. फरक पन्नास हजार पटीचा!

गंमत पुढेच आहे. पहिल्या पद्धतीतल्या ओळी एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून एक्सेल त्या सगळ्या कोअरवर वाटू शकतं. टास्क मॅनेजरमध्ये सोळाच्या सोळा कोअर घाम गाळताना दिसतात आणि आपल्याला वाटतं, वा, पैसे वसूल! प्रत्यक्षात सोळा कोअरनी फार तर सोळा पट वेग मिळेल. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक ओळ वरच्या ओळीची वाट बघते, म्हणजे बाकीचे कोअर तिथे कामाचेच नाहीत, आणि तरी ती कैक पटींनी आधी संपते.

‘ऑफसेट’, ‘इनडायरेक्ट’, ‘नाऊ’ या फंक्शन्सचीही अशीच कथा. ही ‘व्होलाटाइल’ फंक्शन्स. शीटमध्ये कुठेही काही बदललं की ती, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले सगळे सेल, पुन्हा मोजले जातात. म्हणजे क्लंडरने १९८५ मध्ये वाचवलेलं काम आपण स्वतःच्या हाताने परत ओढवून घेतो. ‘ऑफसेट’च्या जागी बऱ्याचदा ‘इंडेक्स’ चालतं.

एवढं करूनही मशीन घ्यायचंच असेल तर घ्या. एका कोअरचा वेग चांगला बघा, रॅम १६ जीबी, जमलं तर ३२, आणि एक्सेल ६४-बिट टाका. एसएसडीने फाइल लवकर उघडेल, गणित नाही. या कामासाठी ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका. आणि खरेदीआधी कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबा. त्याने उघडलेल्या सगळ्या शीट पूर्ण मोजल्या जातात. मोबाइलवर वेळ लावा, फॉर्म्युले सुधारा, पुन्हा लावा.

अनेक जण वैतागून ऑटोमॅटिक गणनाच बंद करून ठेवतात. शीट मग हलकी वाटते, पण पडद्यावरचे आकडे शिळे असू शकतात. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कॅल्क्युलेट’ दिसतंय का ते पाहा. दिसत असेल तर एफ९ दाबल्याशिवाय त्यातला एकही आकडा गाइडला पाठवू नका. व्हिजिकॅल्कची उद्गारचिन्हाची कळ ती हीच.